अशील कोण? : सेवापुस्तिका, कैफियत आणि मुस्लिम स्त्रीचे कथन

दक्षिण दिल्लीतील आर. के. पुरम ही केंद्र सरकारच्या नोकरदारांसाठी वसविलेली वसाहत. अभ्यागत प्राध्यापक म्हणून दिल्लीत असताना प्रस्तुत लेखिकेचा मुक्काम तेथे होता. जवळच चालणाऱ्या एका कौटुंबिक समुपदेशन केंद्रातील कार्यकर्तीने एके दिवशी एक छोटी पुस्तिका वाचावयास आणून दिली. मुस्लिम स्त्रियांना सेवा देताना सांस्कृतिक संवेदनशीलता कशी बाळगावी, याविषयीचे हे मार्गदर्शन मूळ इंग्रजीत होते. त्याचा हिंदी अनुवाद झालेला होता आणि महाराष्ट्रातील केंद्रांसाठी केलेला मराठी मसुदा तपासून द्यावा, अशी विनंती होती. काम किरकोळ वाटले म्हणून स्वीकारले. ते पहिल्याच पानावर अडले. ‘क्लायंट’ या शब्दासाठी अनुवादकाने एका ठिकाणी ‘ग्राहक’, दुसऱ्या ठिकाणी ‘लाभार्थी’ आणि पुढे कंटाळून ‘सेवार्थी’ असे शब्द योजले होते. तिन्ही शब्दांत ती स्त्री टेबलाच्या पलीकडे उभी आहे आणि काहीतरी घ्यावयास आली आहे.

मराठीत या अर्थाचा एक जुना, रुळलेला शब्द आहे : अशील. आज तो वकिलाच्या कचेरीपुरता उरला आहे. अरबी ‘असील’ म्हणजे मूळचा. आपला ‘अस्सल’ हा शब्द त्याच धातूचा. ज्याच्यावर काम सोपविले तो वकील आणि ज्याचे ते काम आहे तो अशील, अशी ही जोडी आहे. वकील कितीही विद्वान असला तरी त्याचे बोलणे उसने असते. मूळ अधिकार अशिलाचा. ‘लाभार्थी’ आणि ‘अशील’ यांतील अंतर केवळ शब्दकोशातील नव्हे. मुस्लिम स्त्रीविषयी गेल्या शतकात जे लिहिले गेले, त्यात अशील कोण आणि वकील कोण, असा प्रश्न या अंतरातून उभा राहतो. प्रस्तुत लेख त्याच प्रश्नाच्या अनुषंगाने काही उर्दू आणि मराठी संहितांकडे पाहतो.

हा विषय समाजकार्याचा आहे, साहित्यसमीक्षेचा नव्हे, असा आक्षेप येऊ शकेल. परंतु सेवापुस्तिका हीदेखील एक संहिता असते. तिला निवेदक असतो, अभिप्रेत वाचक असतो, पात्र असते आणि काळ असतो. समोरच्या पुस्तिकेतील सूचना वाईट नव्हत्या. शक्यतो स्त्री समुपदेशक असावी, हस्तांदोलनासाठी आपण होऊन हात पुढे करू नये, रोजांच्या दिवसांत भेटीची वेळ विचारून ठरवावी, शारीरिक तपासणीपूर्वी संमती घ्यावी, कुटुंबातील ज्येष्ठांचा मान राखावा. यांतील बहुतेक गोष्टी कोणत्याही स्त्रीला लागू पडाव्यात अशाच आहेत. खटकले ते व्याकरण. पुस्तिकेतील मुस्लिम स्त्री सदैव एकवचनी आणि सदैव रीतिवर्तमानकाळात वावरते : ती असे मानते, ती तसे टाळते, तिच्या घरात निर्णय अमुक घेतात. ‘मानत असे’, ‘एकदा म्हणाली’, ‘त्या दिवशी उठून गेली’ अशी भूतकाळी क्रियापदे संपूर्ण पुस्तिकेत नाहीत. ज्या पात्राला भूतकाळ नाही त्याला गोष्ट नाही, आणि गोष्टीची रिकामी राहिलेली जागा ‘संस्कृती’ या शब्दाने भरून काढलेली असते. कथनमीमांसेच्या अभ्यासकाला हा काळ ओळखीचा आहे. जुन्या मानवशास्त्रीय वर्णनांतील ‘हे लोक’ याच काळात जगत.

याच दिल्लीत वैद्यकीचे शिक्षण घेतलेल्या एका लेखिकेने नेमकी उलट रीत अवलंबिली होती. रशीद जहाँ (१९०५–१९५२) या अलीगढच्या. वडील शेख अब्दुल्ला हे तेथील मुस्लिम स्त्रीशिक्षणाचे प्रवर्तक. लखनौच्या इझाबेला थोबर्न महाविद्यालयानंतर त्या दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात आल्या आणि डॉक्टर होऊन संयुक्त प्रांताच्या सरकारी वैद्यकीय सेवेत रुजू झाल्या. स्त्रियांनी चालविलेले, स्त्रियांसाठीचे हे महाविद्यालय १९१६ साली सुरू झाले तेव्हा पडदानशीन स्त्रियांना उपचार घेता यावेत हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. म्हणजे आजच्या परिभाषेत ज्याला सांस्कृतिक संवेदनशीलता म्हणतात, तिच्या पायावरच ही संस्था उभी राहिली. तिची पदवी घेतलेल्या डॉक्टरने १९३२ साली ‘अंगारे’ या संग्रहात ‘दिल्ली की सैर’ ही कथा आणि ‘पर्दे के पीछे’ ही एकांकिका लिहिली.

‘पर्दे के पीछे’मध्ये दोन स्त्रिया बोलत बसलेल्या आहेत. मुहम्मदी बेगम आपल्या मैत्रिणीला, आफताब बेगमला, आपले दुखणे सांगते : वरचेवरची बाळंतपणे, खालावलेली प्रकृती, नवऱ्याचा हट्ट, दुसऱ्या लग्नाची टांगती तलवार, आणि त्या भीतीपोटी करून घेतलेली शस्त्रक्रिया. या सांगण्यात डॉक्टरीणबाईही येते. तिने वय विचारले, उत्तरावर तिचा विश्वास बसला नाही. रुग्ण तिशीच्या आसपासची आहे आणि दिसते कितीतरी म्हातारी. पुस्तिका जिला ‘सेवा देतानाचा संवाद’ म्हणेल तो हाच. पण लेखिकेने तो रंगमंचावर आणलेला नाही. स्वतः डॉक्टर असूनही तिने डॉक्टरला खोलीबाहेर ठेवले आहे. ती आपल्याला भेटते ती केवळ रुग्णाच्या तोंडून. तपासणीच्या खोलीत जे बोलले गेले त्याहून कितीतरी अधिक आता, मैत्रिणीसमोर बोलले जात आहे. समीक्षकांनी या एकांकिकेतील धीटपणाची वाखाणणी केली आहे आणि ती योग्यच आहे. तथापि अधिक मोलाची गोष्ट तिच्या रचनेत आहे, असे वाटते. सेवा देणाऱ्याच्या टेबलासमोर स्त्री जे सांगते ते तिच्या गोष्टीचे टाचण असते. पूर्ण गोष्ट ती नंतर, दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या कुणाला तरी सांगते. रशीद जहाँ यांनी व्यवसायात टेबलाच्या या बाजूला बसून लेखनात पलीकडची जागा घेतली.

‘दिल्ली की सैर’ची रचनाही अशीच आहे. मलका बेगम फरीदाबादहून नवऱ्याबरोबर दिल्ली पाहावयास येते. नवरा तिला सामानाजवळ बसवून ओळखीच्या माणसाबरोबर निघून जातो, आणि बुरख्यातील ती बाई स्टेशनावर येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरा झेलत बसून राहते. दिल्ली अर्थातच पाहावयाची राहते. हे सारे ती घरी परतल्यावर मैत्रिणींच्या घोळक्यात सांगते. दुःखाची गोष्ट असूनही ती विनोदाच्या अंगाने सांगितली जाते, कारण श्रोत्या त्याच जगातल्या आहेत. त्यांना बुरखा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. आपल्या पुस्तिकेत बुरख्यावर एक परिच्छेद होता. या कथेत बुरखा आहे, पण बुरख्याविषयी काही नाही. कथा त्या नवऱ्याविषयी आहे.

‘अंगारे’वर मार्च १९३३ मध्ये संयुक्त प्रांताच्या सरकारने बंदी घातली. धार्मिक भावना दुखावल्या, हे कारण. समाजाच्या संस्कृतीची बूज राखण्याच्या नावाखाली त्या समाजातील स्त्रीचे बोलणे थांबविले गेले. हा क्रम आपल्याला पुढेही भेटणार आहे.

याचा अर्थ स्वतंत्र व्यवस्थाच चुकीची, असे म्हणणे उथळपणाचे होईल. १८८५ साली स्थापन झालेल्या डफरिन फंडामुळे जनाना रुग्णालये उभी राहिली नसती तर असंख्य स्त्रिया डॉक्टरपर्यंत पोहोचल्याच नसत्या. मराठी वाचकाला येथे डॉ. रखमाबाई आठवतील. १८९५पासून सुरतेस आणि पुढे राजकोटच्या जनाना रुग्णालयात त्यांनी उभी हयात घालविली. पडदा मानून त्यांनी रुग्ण तपासले आणि १९२९ साली एका इंग्रजी संग्रहात पडदा नाहीसा व्हावा म्हणून लेख लिहिला. या दोन कृतींत विसंगती शोधणाऱ्याने रुग्णालयाचे दार कधी पाहिलेले नसावे.

मराठीकडे वळल्यावर चित्र वेगळे दिसते. उर्दूत हा विषय कथेतून आला, मराठीत तो चळवळीतून आला. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व यांवर बंदी आणि समान नागरी कायदा या त्यांच्या मागण्या होत्या. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. दलवाईंच्या धैर्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु आपल्या समीक्षेत या मोर्चाचा उल्लेख जसा येतो तो तपासून पाहण्यासारखा आहे. ‘सात स्त्रिया’ हा शब्दप्रयोग आपण पुराव्याच्या आकड्यासारखा वापरतो. त्या सातजणी घरून काय सांगून निघाल्या, परतल्यावर शेजारणीला काय म्हणाल्या, हे विचारणारे साहित्य मराठीत फार थोडे. सुधारकाच्या युक्तिवादातही ती स्त्री मुख्यतः युक्तिवादाचा आधार होती. बाजू बदलली तरी वकीलपत्र पुरुषाकडेच राहिले.

सय्यदभाईंच्या ‘दगडावरची पेरणी’ या आत्मकथनात ही अडचण अधिक प्रामाणिकपणे जाणवते. बहिणीला मिळालेल्या तोंडी तलाकाच्या घटनेतून त्यांचे सारे कार्य उभे राहिले. भाऊ बहिणीची कैफियत मांडतो. ती मांडताना त्याची स्वतःची तडफड इतकी खरी आहे की वाचक त्याच्याबरोबर चालू लागतो. बहीण मात्र हळूहळू मागे राहते. हा पुस्तकाचा दोष म्हणून सांगत नाही. भावाला जेवढे ठाऊक असू शकते तेवढेच पुस्तकात आहे, आणि ठाऊक नसलेले रचून सांगण्याचा मोह त्याने टाळला आहे.

मेहरुन्निसा दलवाई यांचे ‘मी भरून पावले आहे’ (१९९५) वाचताना मात्र व्याकरण पालटते. येथे भूतकाळ आहे, तारखा आहेत, भाडे आहे, नोकरी आहे, आजारपण आहे. उर्दू बोलणाऱ्या घरातील मुलगी कोकणी मुसलमानाशी लग्न करते. मुस्लिम म्हणून दोघांची ‘संस्कृती’ एक धरावी तर बोली वेगळी, खाणे वेगळे, नात्यांची हाक वेगळी. १९५६ साली या दोघांचा विवाह आधी इस्लामी पद्धतीने झाला आणि पाठोपाठ विशेष विवाह कायद्याखाली नोंदविला गेला. पुस्तिकेच्या अर्जात ‘विवाहाची पद्धत’ या रकान्यात एकच खूण करावयाची सोय होती. मेहरुन्निसाबाईंनी कोणती खूण केली असती? या पुस्तकाकडे बव्हंशी दलवाईंच्या चरित्राचे साधन म्हणून पाहिले गेले. दलवाई घराबाहेर जे बोलत होते त्याचा खर्च घरात कसा भागविला जात होता, हे सांगणारी दुसरी संहिता आपल्याकडे नाही. त्या दृष्टीने ते अजून वाचले जावयाचे आहे.

‘संस्कृती’ हा शब्द किती निसरडा आहे याचे उदाहरण जळगावने दिले. १९८२ साली तेथील मुस्लिम पंचायतीने स्त्रियांना चित्रपटगृहात जाण्यास बंदी केली आणि रझिया पटेल यांनी तिच्याविरुद्ध आंदोलन उभारले. बंदीपूर्वी जळगावच्या मुस्लिम बायका सिनेमाला जातच होत्या. जात नसत्या तर बंदीची गरज काय? म्हणजे सिनेमाला जाणे हा त्यांचा रिवाज होता आणि बंदी ही नवी गोष्ट होती. पण त्या वर्षी एखाद्या सेवासंस्थेने संवेदनशीलतेची पुस्तिका लिहिली असती, तर तिने कोणाला विचारून काय लिहिले असते? ‘मुस्लिम स्त्रिया चित्रपट पाहत नाहीत’, हे वाक्य रीतिवर्तमानकाळात किती सहज बसते!

आता ज्या संहितेभोवती हा सारा वाद फिरतो तिच्याकडे येऊ. शाहबानो प्रकरणाचा निकाल कायद्याच्या अभ्यासकांनी पुष्कळ वाचला. कथनाच्या अभ्यासकांनी फारसा नाही. इंदूरच्या शाहबानो यांचा विवाह १९३२ सालचा. नवरा स्वतः वकील. त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतर १९७५ मध्ये त्यांना घराबाहेर काढण्यात आले. एप्रिल १९७८ मध्ये त्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली महिना ५०० रुपये पोटगी मागितली. त्याच वर्षी नोव्हेंबरात नवऱ्याने तलाक दिला. दंडाधिकाऱ्याने महिना २५ रुपये ठरविले, उच्च न्यायालयाने १९८० मध्ये ते १७९ रुपये २० पैसे केले. नवरा सर्वोच्च न्यायालयात गेला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने २३ एप्रिल १९८५ रोजी त्याचे अपील फेटाळले.

निकालपत्राची रचना पाहावी. शाहबानोंची हकीकत आरंभी थोडक्यात उरकते. त्यानंतर मेहर म्हणजे काय, ग्रंथकारांचे मत काय, कुराणाच्या दुसऱ्या सुऱ्यातील आयतींचा इंग्रजी अनुवाद कोणता ग्राह्य धरावा, समान नागरी कायद्याचे काय झाले, या चर्चेत पाने जातात. म्हातारी बाई दिसेनाशी होते. ती पुन्हा भेटते ती अगदी शेवटी : अपिलाच्या खर्चापोटी तिला दहा हजार रुपये द्यावेत आणि वाटल्यास तिने पोटगी वाढवून मागावी, असे न्यायालय सांगते. १७९ रुपयांत भागत नाही, हे कुणाच्या तरी लक्षात होते. निकाल न्याय्य होता, यात शंका नाही. पण या न्याय्य निकालातही तिच्या गरजेची भाषा धर्मग्रंथाच्या अर्थनिर्णयनाखाली दबली, आणि विरोधकांना हवे होते ते रणांगण तेथेच मिळाले. नोव्हेंबर १९८५ मध्ये शाहबानो यांच्या अंगठ्याचा ठसा असलेले जाहीर पत्र निघाले. निकाल आपल्याला मान्य नाही, असे त्यात होते. त्याच वर्षी कोल्हापूरहून तलाक मुक्ती मोर्चा निघालेला होता, ही गोष्ट दिल्लीत बसून लिहिणाऱ्यांच्या सहसा लक्षात नसते. १९८६ साली संसदेने मुस्लिम स्त्री (घटस्फोटानंतरच्या हक्कांचे संरक्षण) कायदा केला. एका समाजाच्या भावना ओळखून त्या समाजातील स्त्रियांसाठी वेगळी तरतूद करणे, असे वर्णन केले तर सांस्कृतिक संवेदनशीलतेचे याहून मोठे शासकीय उदाहरण सापडणार नाही. समाजाच्या भावना कोणत्या, हे सांगावयास वकील पुष्कळ आले होते. अशिलाचा फक्त अंगठा होता.

शाहबानो १९९२ साली निवर्तल्या. त्यांचे वकील दानियाल लतीफी यांनी नव्या कायद्याला आव्हान दिले आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवूनही त्याचा अर्थ असा लावला की इद्दतीच्या मुदतीतच स्त्रीच्या पुढील आयुष्याची वाजवी तरतूद नवऱ्याने केली पाहिजे. निकाल वकिलाच्या नावाने ओळखला जातो. पुढचे थोडक्यात : २२ ऑगस्ट २०१७ रोजी शायराबानो प्रकरणात एका दमात दिलेला तिहेरी तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द झाला, २०१९ साली तो गुन्हा ठरला, आणि १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम १२५ ची पोटगी घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही मागता येते, असे पुन्हा सांगितले. शाहबानो यांनी १९७८ साली ज्या कलमाखाली अर्ज केला होता तेथवर परत येण्यास शेहेचाळीस वर्षे लागली. कलमाचा क्रमांकही दरम्यान बदलला. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते १४४ झाले आहे.

मराठीतील दाद मागण्याचा सारा शब्दसंग्रह पाहिला तर एक गंमत ध्यानात येते. अर्ज, कैफियत, फिर्याद, तक्रार, हकीकत, वकील, अशील आणि खुद्द ‘दाद’ हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आलेले. मराठी कचेरीत ज्या बाईकडे ‘तिची संस्कृती वेगळी’ म्हणून पाहिले जाते, तिला त्या कचेरीची भाषा इतरांहून थोडी अधिक ओळखीची वाटावी, अशी ही स्थिती आहे. यांतील ‘तक्रार’चा मूळ अर्थ पुनरावृत्ती. ज्याने तो प्रथम गाऱ्हाण्यासाठी वापरला त्याला सरकारी कामकाजाचा अनुभव दांडगा असावा. चौकीत एकदा, समुपदेशकाकडे एकदा, डॉक्टरकडे एकदा, वकिलाकडे एकदा, असे तेच ते सांगत स्त्री फिरते आणि दर टेबलावर तिची गोष्ट थोडी आखूड होते. प्रत्येक टेबल आपल्याला लागेल तेवढे उचलते. आर. के. पुरमच्या कार्यकर्तीने सांगितले की, तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतर बायका पुस्तिकेतल्यासारखे बोलू लागतात. ‘हमारे में ऐसा होता है’, अशी सुरुवात करतात. भूतकाळ टाकून त्या रीतिवर्तमानकाळात येतात, कारण ऐकणाऱ्याला तो काळ समजतो, हे त्यांना कळलेले असते. ‘मग खरी गोष्ट कधी कळते?’ असे विचारले. ती म्हणाली, बहुधा कळत नाही. कधीतरी बाहेर बाकावर दुसऱ्या बाईशी बोलताना कानावर पडते. रशीद जहाँ यांच्या दोन्ही संहितांची रचना या एका वाक्यात होती, आणि कार्यकर्तीने त्या वाचलेल्या नव्हत्या.

मराठी मसुद्यात दोनच मोठ्या दुरुस्त्या सुचविल्या. वर्णनाचा परिच्छेद काढून तेथे कोरी जागा ठेवावी आणि वर ‘काय झाले?’ एवढाच प्रश्न छापावा, ही एक. दुसरी, सर्वत्र ‘अशील’ हा शब्द घ्यावा. पहिली दुरुस्ती जागेच्या अडचणीमुळे अर्धी मान्य झाली. परिच्छेद राहिला, त्याखाली चार ओळींची जागा सुटली. दुसरीवर केंद्रात बरीच चर्चा झाली. एका उर्दूभाषक कार्यकर्तीने हरकत घेतली की तिच्या आजीच्या बोलण्यात ‘असील’ म्हणजे घरची मोलकरीण, आणि बाजारात विचाराल तर झुंजीचा कोंबडा. मराठी केंद्रांत हा अर्थ कुणाच्या मनात येणार नाही, हे पटवून देण्याचा प्रयत्न केला. पुस्तिका ‘सेवार्थी’ या शब्दानिशी छापून गेली.